यादीचा धनी

याद्या करण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. राज्य शासनाच्या सेवेत आम्ही ऐंशीच्या दशकाच्या आरंभी लागलो आणि २०१७ साली निवृत्त झालो. या मधल्या काळात आम्ही टंचाईग्रस्त गावांच्या याद्या केल्या, पूरग्रस्तांच्या केल्या, परीक्षाकेंद्रांच्या केल्या, बदलीस पात्र कर्मचाऱ्यांच्या केल्या. या शेवटच्या यादीपायी तर लोकांचे शिव्याशापही घेतले. यादी म्हणजे नुसती नावांची उतरंड, असे ज्यांना वाटते त्यांनी ती कधी केलेली नसते, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

१९८४ च्या डिसेंबरातील लोकसभा निवडणूक आम्हांस विशेष आठवते. मतदान पथकांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले होते. कोणासही त्याच्या स्वतःच्या गावी पाठवायचे नाही, एकाच कचेरीतील दोघांना एका पथकात घालायचे नाही, प्रत्येक पथकात पूर्वी निवडणूक केलेला एकतरी माणूस असलाच पाहिजे, आजाऱ्याला दूरच्या केंद्रावर टाकायचे नाही, अशा साऱ्या अटी. एक नाव इकडचे तिकडे केले की दहा नावे हलत. कडाक्याच्या थंडीत तीन रात्री आम्ही मोठमोठे कागद जमिनीवर पसरून, शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी यादी टंकलेखकाकडे गेली, चक्रमुद्रित झाली आणि वरिष्ठांच्या सहीने गावोगाव रवाना झाली. ती यादी कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही आणि आमच्याही मनात आला नाही. तो प्रश्न प्रथम कानी पडला तो पुढे सत्तावीस वर्षांनी, आणि तोही साता समुद्रांपलीकडे.

२०११ च्या जून महिन्यात आम्ही उभयता अर्जित रजा टाकून धाकट्या बहिणीकडे इंग्लंडात लेस्टर येथे गेलो होतो. भाचा त्या वेळी चौदा वर्षांचा होता. त्या गावच्या फुटबॉल क्लबाचा तो निस्सीम भक्त. घरात गणपतीची तसबीर आणि त्याच्या खोलीत क्लबाचा निळा झेंडा, अशी त्या घराची धर्मव्यवस्था होती. या चिरंजीवांनी क्लबाविषयी एक छोटेसे संकेतस्थळ स्वतःच तयार केले होते. आम्ही गेलो त्याच सुमारास पुढील हंगामाचे सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले आणि त्याने आपल्या क्लबाचे सर्व ४६ सामने, तारखांसह, त्या स्थळावर उतरवून काढले. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला ते पान काढून टाकावयास लावले. कारण असे कळले की, त्या देशात फुटबॉलच्या वेळापत्रकावर स्वामित्वहक्क सांगितला जातो आणि ते छापावयाचे तर परवाना घ्यावा लागतो. मोठी वृत्तपत्रे शुल्क भरून असा परवाना घेत असत.

पोर हिरमुसले. आमच्यापाशी येऊन म्हणाले, "मामा, सामना आमच्याच गावच्या मैदानावर, तिकीट मी माझ्या पैशांनी काढणार, आणि तो कोणत्या शनिवारी आहे हे लिहायला मला परवाना लागतो?"

प्रश्न रास्त होता. परंतु सांगावयास संकोच वाटतो, आम्ही भाच्याची बाजू घेतली नाही. ते जमिनीवर पसरलेले कागद आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, यादी करणाराचे कष्ट तुला दिसत नाहीत. तुला फक्त तयार तारखा दिसतात." तो उठून गेला. आमच्या सौ. म्हणाल्या, "लेकराला एवढे तरी लिहू द्यायचे होते." आम्ही गप्प राहिलो. परंतु विषय डोक्यात शिरला तो शिरलाच. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात बसून आणि पुढे घरी परतल्यावरही आम्ही या प्रकरणाची माहिती जमवीत राहिलो. ती वाचकांस रंजक वाटेल म्हणून थोडक्यात सांगतो.

प्रकरण जुने आहे. इंग्लंडात फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावण्याचा एक प्रकार फार लोकप्रिय होता. कोणता सामना बरोबरीत सुटेल याचा अंदाज छापील कुपनावर भरून लोक टपालाने पाठवीत. लिव्हरपूलच्या लिटलवूड्स नावाच्या कंपनीने १९२३ मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि त्यावर अमाप संपत्ती मिळविली. कुपनावर सामन्यांची यादी छापावी लागे आणि ती यादी अर्थातच फुटबॉल लीगच्या वेळापत्रकातून घेतलेली असे. लीगने दावा लावला. १९५९ साली न्यायमूर्ती अपजॉन यांनी निकाल दिला की, वेळापत्रक तयार करण्यात कौशल्य आणि श्रम खर्ची पडतात, म्हणून त्यावर लीगचा स्वामित्वहक्क आहे. तेव्हापासून कुपनवाल्या कंपन्या लीगला मोबदला देऊ लागल्या. उन्हाळ्यात इंग्लंडातील फुटबॉल बंद असे, तेव्हा या कंपन्या ऑस्ट्रेलियातील सामन्यांवर कुपने चालवीत. ज्या गावांची नावेही धड उच्चारता येत नाहीत, तेथील क्लबांवर इंग्रज गिरणीकामगार पैसे लावीत बसे!

आता हे वेळापत्रक बनते कसे ते पाहू. वरिष्ठ गटात २० क्लब असतात. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावयाचे, म्हणजे ३८० सामने. त्याखालील तीन गटांत प्रत्येकी २४ क्लब, म्हणजे प्रत्येकी ५५२ सामने. चारही गटांचे मिळून २,०३६ सामने होतात. हे सगळे ऑगस्ट ते मे या काळात बसवायचे, तेही नियम पाळून. कोणत्याही क्लबाला सलग तीन सामने घरच्या मैदानावर किंवा सलग तीन परक्या मैदानावर द्यावयाचे नाहीत. कोणत्याही सलग पाच सामन्यांत चार घरचे किंवा चार बाहेरचे असता कामा नयेत. हंगामात केव्हाही मोजले तरी घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची संख्या होईल तेवढी समान असावी. आठवड्याच्या मधल्या वारी होणाऱ्या सामन्यांतही तोच समतोल राखावा. याखेरीज एकाच शहरातील दोन क्लबांचे सामने एकाच दिवशी आपापल्या मैदानावर नकोत, कारण पोलिसांवर ताण पडतो. क्लबांच्या विनंत्या निराळ्या, चषक स्पर्धांच्या तारखा निराळ्या. संगणक आला तरी अखेरीस जाणत्या माणसाला बसून एकेक गाठ सोडवावी लागते. हे वाचताना आम्हांस १९८४ चा डिसेंबर आठवला, आणि लेस्टरमध्ये भाच्यास जे बोललो ते योग्यच होते असे वाटले.

परंतु कायद्याने पुढे निराळेच वळण घेतले. १९९६ मध्ये युरोपीय समुदायाने माहितीसंग्रहांच्या संरक्षणासाठी एक निर्देश काढला. त्यात दोन प्रकारचे हक्क होते. संग्रहाची निवड किंवा मांडणी ही कर्त्याच्या स्वतःच्या बुद्धीची निर्मिती असेल तर त्याला स्वामित्वहक्क. आणि माहिती मिळविण्यात, तपासण्यात किंवा सादर करण्यात मोठी गुंतवणूक केलेली असेल तर पंधरा वर्षांचा एक वेगळा हक्क. फुटबॉलवाल्यांनी या दुसऱ्या हक्काच्या आधारे ग्रीस, स्वीडन आणि फिनलंड येथील पैजा घेणाऱ्या संस्थांवर दावे लावले. वेळापत्रके बनविण्यास आणि सांभाळण्यास दर वर्षी सुमारे १ कोटी १५ लाख पौंड खर्च येतो, असा हिशेबही त्या प्रकरणांत पुढे आला.

९ नोव्हेंबर २००४ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला आणि तो लीगच्या विरुद्ध गेला. न्यायालयाने केलेला भेद बारीक आहे, पण एकदा समजला की विसरता येत नाही. माहिती निर्माण करणे वेगळे आणि अस्तित्वात असलेली माहिती गोळा करणे वेगळे. अमुक क्लब अमुक दिवशी तमुक क्लबाशी खेळेल, हे लीग स्वतःच ठरविते. ते ठरविण्याचे श्रम हे खेळ चालविण्याचे श्रम होत. त्यांतून यादी आपोआप पडते. यादी गोळा करण्यासाठी म्हणून वेगळे काही करावे लागत नाही. म्हणून हा हक्क त्यांना नाही. त्याच दिवशी घोड्यांच्या शर्यतींच्या याद्यांविषयीही असाच निकाल लागला.

लीगवाल्यांनी मग पहिल्या हक्काचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा मार्ग धरला. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या लीगांच्या वतीने परवाने देणारी फुटबॉल डेटाको ही कंपनी आणि याहू वगैरे कंपन्या यांच्यात खटला उभा राहिला. २०१० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी वेळापत्रक करण्यातील कौशल्य मान्य करून लीगच्या बाजूने कौल दिला. प्रकरण अपिलात गेले आणि तेथून काही प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठविण्यात आले. आम्ही लेस्टरमध्ये होतो तेव्हा ते तेथे प्रलंबित होते. १ मार्च २०१२ रोजी उत्तर आले. श्रम आणि कौशल्य कितीही मोठे असो, ते माहिती निर्माण करण्यात खर्च झाले असेल तर त्यावरून संग्रहास स्वामित्वहक्क मिळत नाही. यादीच्या निवडीत वा मांडणीत कर्त्याच्या स्वतंत्र, सर्जक निवडीची छाप असली पाहिजे. नुसत्या घामाला हक्क नाही.

भाच्याने तेव्हा आम्हांस पत्र लिहून ही बातमी कळविली होती. पत्राच्या शेवटी एकच वाक्य होते : "मामा, मी जिंकलो." आम्ही उत्तरात त्याचे अभिनंदन केले. मनातून मात्र आम्हांस ते पटले नव्हते. तीन रात्री जमिनीवर बसणाऱ्याचा घाम हा काही नुसता घाम नसतो, असेच वाटत राहिले.

असो. आता आमच्या स्वतःच्या यादीकडे वळतो.

निवृत्तीनंतर रिकामपण खायला उठले, तेव्हा आम्ही ठरविले की इंदुरातील जुन्या मराठी घराण्यांची एक सूची करावी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली आणि दरबाराबरोबर कारकून, शिलेदार, पुजारी, वैद्य, शिक्षक अशी कितीतरी मंडळी येथे येऊन स्थायिक झाली. काही त्याआधीही आलेली होती. या घरांतील म्हातारी माणसे एकेक करून निघून चालली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणीही. आम्ही २०१८ मध्ये वही घेऊन निघालो. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजवाड्यामागच्या गल्ल्या, असे करीत चार वर्षे हिंडलो. करोनाच्या दोन वर्षांत घरोघर जाणे बंद झाले, तेव्हा दूरध्वनीवर बसलो. तीनशेच्या वर घरे झाली. प्रत्येक घरापुढे पाच रकाने होते : आडनाव, मूळ गाव, इंदुरात कोणाच्या कारकिर्दीत आले, कोणत्या खात्यात चाकरी केली, आणि हल्लीचे वंशज. २०२२ मध्ये आम्ही स्वखर्चाने शंभर प्रती छापल्या आणि ओळखीच्या लोकांना वाटल्या. ज्यांच्या हाती ती पुस्तिका गेली त्यांनी कौतुक केले. त्या कौतुकाने आम्ही सुखावलो, हेही कबूल करतो.

पुढील वर्षी एका मंडळाची स्मरणिका आमच्या हाती आली. मंडळाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तीत "इंदुरातील मराठी घराणी" या मथळ्याखाली एकोणीस पाने होती. ती आमचीच यादी होती. तेच रकाने, तोच क्रम. एका आडनावातील अनुस्वार आमच्या मुद्रितशोधनात गळाला होता, तोसुद्धा तेथे जसाच्या तसा गळलेला. आमचे नाव मात्र कोठेही नव्हते. "संकलन : कार्यकारिणी" एवढेच शेवटी छापले होते.

त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. रागापेक्षा अपमान अधिक होता. चार वर्षे दारोदार हिंडलो, कोठे कुत्रे अंगावर आले, कोठे "कशाला हवी माहिती, सरकारी चौकशी आहे का?" असे ऐकून घेतले, आणि त्याचे श्रेय एका बैठकीत कार्यकारिणीने घेतले! आम्ही परिचयाच्या एका वकिलांकडे गेलो आणि नोटिशीचा मसुदा करून घेतला. सौ. म्हणाल्या, "नावे त्या लोकांची, घरे त्या लोकांची, पूर्वजही त्यांचेच. त्यात तुमचे असे काय?" आम्ही म्हणालो, "आमचे पाय." त्या हसल्या, आम्हांस हसू आले नाही.

त्याच आठवड्यात भाच्याचा दूरध्वनी आला. आता तो अठ्ठाविशीकडे झुकलेला अभियंता आहे. आम्ही त्यास सारी हकीकत सांगितली. क्षणभर थांबून तो म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्हीही आता लीगवाले झालात तर!"

हे बोल लागले. पण आम्ही वाद घातला. लीगने माहिती निर्माण केली होती, आम्ही ती गोळा केली होती. युरोपीय न्यायालयाचाच भेद आमच्या बाजूने होता! आणि खरोखरच तसा एक निकाल आहेही. त्याच फुटबॉल कंपनीची माणसे सामना चालू असताना मैदानात बसून गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, कोणाला ताकीद मिळाली, याची नोंद करीत. २०१३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने या नोंदींच्या संग्रहाला पंधरा वर्षांचा तो दुसरा हक्क मान्य केला. म्हणजे स्वतः ठरविलेल्या वेळापत्रकाला संरक्षण नाही, पण डोळ्यांनी पाहून टिपलेल्या नोंदींच्या संग्रहाला आहे. आम्ही लेस्टरला राहत असतो तर आमच्या चार वर्षांच्या पायपिटीला कदाचित कायद्याने काही किंमत दिली असती.

परंतु आम्ही इंदुरास राहतो. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यात तक्ते आणि संकलने यांचा समावेश साहित्यकृतीत केलेला आहे खरा, पण माहिती गोळा करण्याच्या श्रमांसाठी युरोपसारखा वेगळा हक्क नाही. २००७ च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात निवाडा दिला. न्यायनिवाडे सार्वजनिक मालकीचे आहेत, ते छापताना केवळ श्रम आणि पैसा खर्च केला म्हणून त्यावर हक्क येत नाही. थोडीतरी सर्जकता हवी. संपादकांनी निवाड्यांना परिच्छेदवार क्रमांक दिले, कोणते न्यायमूर्ती सहमत वा असहमत आहेत हे दाखविले, एवढ्या भागालाच त्यांचा हक्क न्यायालयाने मानला. अमेरिकेतही १९९१ मध्ये असेच झाले. कॅन्ससमधील एका दूरध्वनी कंपनीने आपल्या नामावलीत, नक्कल पकडता यावी म्हणून, चार खोटी नावे पेरून ठेवली होती. ती चारही नावे दुसऱ्या कंपनीच्या नामावलीत सापडली. चोरी पकडली गेली, तरीही दावा फेटाळला गेला. वर्णानुक्रमाने लावलेल्या नावगावांत स्वतःचे असे काही नसते, हे त्याचे कारण. आमचा गळालेला अनुस्वार त्या चार नावांच्याच जातीचा होता.

आपल्या पंचांगाचेच पाहा ना. तिथी कोणाची? सूर्यचंद्रांची. गणित ज्याला येते त्याने करावे आणि छापावे. १९७३ पासून कालनिर्णय घरोघर लटकते आहे, पण त्या दिनदर्शिकेच्या मागील पानांवरचे लेख तिचे असतील, चतुर्थी काही तिची होत नाही. एवढी साधी गोष्ट आम्हांस, म्हणजे राजपत्रे वाचण्यात हयात घालविलेल्या माणसास, स्वतःच्या बाबतीत मात्र उमजत नव्हती.

वकिलांनीही प्रामाणिकपणे सांगितले की, तुमची प्रस्तावना आणि टिपणे त्यांनी घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. नुसत्या रकान्यांवर खटला उभा राहणे कठीण. तरीही नोटीस पाठवावी, निदान त्यांची झोप तरी उडेल, या विचाराने आम्ही मसुदा टेबलाच्या खणात ठेवला. कायदा काही म्हणो, नाव न घालणे ही असभ्यता होती, आणि असे आम्ही आजही मानतो.

मसुदा तसाच पडून असताना, २०२४ च्या वैशाखात एका दुपारी दूरध्वनी वाजला. जबलपुराहून एक बाई बोलत होत्या. आवाजावरून ऐंशीच्या आसपासच्या. म्हणाल्या, "इंदुरातल्या घराण्यांची यादी तुमची ना?"

त्यांच्या नातीच्या मोबाइलवर कोणीतरी त्या स्मरणिकेची पाने पाठविली होती. बाईंनी चौकशी करीत करीत मंडळाचा क्रमांक मिळविला. मंडळाच्या कार्यवाहांनी त्यांना सांगितले, "आजी, ती यादी आमची नाही. त्यांची आहे, त्यांनाच विचारा," आणि आमचा क्रमांक देऊन टाकला. वर्षभर जे आम्हांस हवे होते ते असे मिळाले. यादी आमची असल्याचे मंडळाने मान्य केले होते.

आम्ही मोठ्या समाधानाने म्हणालो, "होय, आमचीच."

"मग एक विचारते. रामबागेतल्या आमच्या घरापुढे तुम्ही लिहिले आहे, घर विकले, वंशज नाहीत. मी त्या घरची धाकटी लेक. माझी थोरली बहीण नागपुरास आहे. आम्ही कोण?"

वाचकहो, चाळीस वर्षे सरकारी चौकश्यांना उत्तरे देत आलो, पण या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही वही काढली. शेजारच्या एका गृहस्थाने ते घर दाखवून सांगितले होते, "त्यांना मुलगा नव्हता, संपले ते घराणे." आम्ही ते तसेच लिहून घेतले होते. मुलगी आहे का, हे आम्ही विचारलेच नव्हते. विचारावे असे मनातही आले नव्हते. आमच्या रकान्याचे नावच "वंशज" होते आणि त्या शब्दात आम्ही फक्त मुलगे मोजले होते. आम्हांस स्वतःला दोन मुली आहेत, हे येथे लिहिताना मान खाली जाते.

बाई रागावल्या नाहीत. उलट पाऊण तास बोलत राहिल्या. पणजोबा कोणाबरोबर आले, परसातल्या विहिरीचे पाणी कोण कोण नेई, घर का विकावे लागले आणि त्या दिवशी आईने उंबऱ्याला हळदकुंकू कसे वाहिले, हे सारे त्यांनी सांगितले. आमच्या पाच रकान्यांत मावणारे त्यात फार थोडे होते. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तेवढे दुरुस्त करा हो. मी गेल्यावर मग कोण सांगणार?"

त्या रात्री आम्ही पूर्ण यादी पुन्हा तपासावयास घेतली. "वंशज नाहीत" असा शेरा एकोणीस घरांपुढे होता. पुढील काही महिने आम्ही त्या एकोणीस घरांचाच शोध घेतला. अकरा घरांच्या लेकी, किंवा लेकींची मुले, जबलपूर, भोपाळ, नागपूर, पुणे आणि एक तर बडोद्यास, अशी सापडली. उरलेल्या आठांचा शोध अजून चालू आहे.

आता जे ध्यानात आले ते साधेच आहे. शंभर प्रती आम्ही ओळखीच्या लोकांत वाटल्या होत्या. त्यांतील एकही प्रत जबलपुरास गेली नसती. मंडळाने यादी उचलली, छापली, ती मोबाइलवर फिरली, म्हणूनच आमची चूक जिला लागली होती तिच्यापर्यंत ती पोहोचली. श्रेय चोरीस गेले याचे दुःख आम्ही वर्षभर उगाळीत बसलो, आणि जे खरोखर आमचे होते, ती चूक, ती मात्र दुसऱ्यानेच आमच्या दारी आणून दिली. यादीचा धनी होऊ पाहणाऱ्याने तिच्यातील चुकांचेही धनी व्हावे लागते. फुटबॉलचे वेळापत्रक चुकले तर एक सामना पुढे ढकलता येतो. आमच्या यादीने एका जित्या बाईला नाहीशी करून टाकले होते.

कष्टाला मोल नाही, असे आम्ही म्हणत नाही. १९५९ च्या न्यायमूर्तींना जे दिसले तेही खोटे नव्हते. श्रमाचा मान राखला गेलाच पाहिजे, आणि ज्याच्या वहीतून घेतले त्याचे नाव घालण्यास शाईचा एक थेंब पुरतो. पण अमुक सामना अमुक शनिवारी आहे आणि अमुक घर अमुक गल्लीत होते, या गोष्टींना कुंपण घालू नये. त्या जितक्या लोकांच्या डोळ्यांखालून जातील तितक्या खऱ्या होत जातात. भाच्याला आम्ही हे कळविले. त्याचे उत्तर आले, "तेरा वर्षांनी का होईना, मामा माझ्या बाजूला आले." ते पान काढून टाकलेल्या मुलाला त्या दिवशी आम्ही जवळ घ्यावयास हवे होते.

नोटीस गेली नाही. त्या मंडळाच्या कार्यवाहांना मात्र आम्ही घरी चहास बोलाविले. ते ओशाळले होते. पुढील अंकात नाव घालतो, म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले की, नाव घालाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्त्या घाला.

सूचीची दुसरी, सुधारलेली प्रत आम्ही आपल्या सभेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यातील शेवटच्या रकान्याचे नाव आता "मुली व मुलगे" असे केले आहे. कोणीही ती उतरून घ्यावी, छापावी, परगावी पाठवावी. परवानगी विचारण्याची गरज नाही. विनंती एवढीच की, तीत आपल्या घराविषयी काही चुकले असेल, किंवा आपली एखादी आत्या, मावशी, आजेबहीण तीत राहून गेली असेल, तर एका पोस्टकार्डाने का होईना, आम्हांस कळवावे. आठ घरे अजून बाकी आहेत.